रक्तात सापडली म्हणजे अ‍ॅलर्जी झाली का?

शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘पाल्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’ असा एक रकाना असतो. कधी तो कोरा असतो, कधी त्यात एखाद्या पदार्थाचे किंवा औषधाचे नाव असते. आता काही अर्जांना प्रयोगशाळेचा छापील अहवालच जोडलेला दिसतो. अहवाल दोन-तीन पानांचा. डाव्या बाजूला यादी : गहू, तांदूळ, दूध, अंडे, शेंगदाणा, तूरडाळ, वांगे, टोमॅटो, केळे, कोळंबी, झुरळ, घरातील धूळ. उजव्या बाजूला आकडे. त्यांतील काही आकड्यांसमोर तांबड्या अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. पालक सांगतात, “बाई, ह्याला गहू, दूध, टोमॅटो आणि केळं चालत नाही. डब्यातलं दुसऱ्या कुणाचं काही खाऊ देऊ नका.” बाई साहजिकच विचारतात, “खाल्ल्यावर काय होतं?” त्यावर पुष्कळदा उत्तर येते, “तसं खाऊन काही झालेलं नाही. पण रिपोर्टमध्ये आलंय.”

या लेखात आम्हाला या शेवटच्या वाक्याचा विचार करायचा आहे. आमचा आक्षेप चाचणीवर नाही. चाचणी जे मोजते ते बहुतेक वेळा नीटच मोजते. आक्षेप आहे तो ती ज्या पद्धतीने मागवली, विकली आणि वाचली जाते त्यावर. रक्तात एखादा पदार्थ सापडणे आणि माणसाला आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की निरोगी मुलाच्या ताटातून दूध आणि पोळी नाहीशी होते. शिक्षकांच्या दृष्टीने यात आणखी एक मुद्दा आहे. ही गल्लत मुळात वैद्यकातली नसून तर्कातली आणि गणितातली आहे, आणि ती आठवी-नववीच्या वर्गात समजावून सांगता येते.

चाचणी कशी जन्माला आली

‘वावडे’ हा शब्द मराठीत जुनाच आहे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला कोळंबीचे. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द मात्र १९०६ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा एखाद्या बाह्य पदार्थाला नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने प्रतिसाद देऊ लागते, असा त्यांचा आशय होता. त्याच्याही आधी, मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या त्वचेवर ओरखडा काढून त्यात गवताचे परागकण घातले होते. त्यांना स्वतःला परागकणांमुळे शिंका येत आणि नाक वाहत असे. ओरखड्याच्या जागी खाज आणि सूज आली. हे प्रयोग त्यांनी १८७३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आजची त्वचेवरची चाचणी ही त्याच प्रयोगाची सुधारलेली आवृत्ती आहे.

रक्तातील कारणाचा माग काढणारा प्रयोग १९२१ सालचा. हाइन्झ क्युस्टनर या जर्मन डॉक्टरांना माशांचे वावडे होते. कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांचे रक्तजल, म्हणजे सीरम, आपल्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेथे लाल गांध उठली. क्युस्टनर यांच्या रक्तजलात असे काहीतरी होते, की जे दुसऱ्याच्या त्वचेलाही माशाविरुद्ध उठवू शकत होते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्राउस्निट्झ यांच्या त्वचेची चाचणी त्या जागी ‘पॉझिटिव्ह’ आली होती. पण स्वतः प्राउस्निट्झना माशांचा त्रास नव्हता. या लेखातला मुख्य मुद्दा एका अर्थाने त्या गांधीतच दडलेला आहे.

ते ‘काहीतरी’ नेमके काय, हे कळायला आणखी ४५ वर्षे गेली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९६६ साली, आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमधील उप्साला येथे १९६७ साली, स्वतंत्रपणे एक नवे प्रतिपिंड शोधून काढले. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजेच ‘आयजीई’, असे नाव मिळाले. आयजीईचे रेणू त्वचेतील, नाकातील, श्वासनलिकांतील आणि आतड्यांतील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. ज्या प्रथिनाविरुद्ध ते तयार झाले ते प्रथिन पुन्हा आले, की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर टाकतात. मग अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, शिंका येतात, धाप लागते किंवा उलटी होते. प्रतिक्रिया फारच तीव्र असेल तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो.

दोन चाचण्या, एकच मोजमाप

आयजीई शोधण्याचे आज दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला त्वचेवरचा. हाताच्या पुढच्या भागावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून सुईने हलकेच टोचतात. १५ ते २० मिनिटांनी उठलेल्या गांधीचा व्यास मोजतात. शेजारी एक थेंब साध्या मिठाच्या पाण्याचा आणि एक हिस्टामिनचा असतो. पहिल्याने काही होऊ नये आणि दुसऱ्याने गांध उठावी, तरच चाचणी विश्वासार्ह. मिठाच्या पाण्यापेक्षा किमान ३ मिलिमीटरने मोठी गांध आली तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. आपल्या प्रयोगवहीत ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणून आपण जे शिकवतो त्याचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. खाज कमी करणारी अँटीहिस्टामिन औषधे चालू असतील तर गांध दबते. म्हणून ती काही दिवस आधी थांबवावी लागतात.

दुसरा मार्ग रक्ताचा. त्याची पहिली रीत १९६७ साली उप्सालातच तयार झाली. घन आधारावर चिकटवलेल्या प्रथिनाला रक्तातील कोणते आयजीई पकडते, हे किरणोत्सारी खूण वापरून मोजत. आता किरणोत्सारी पदार्थांऐवजी बहुधा चमकणारी रसायने वापरतात; मूळ कल्पना तीच आहे. उत्तर ‘किलोयुनिट प्रतिलिटर’ या एककात मिळते. अंगभर इसब आहे किंवा औषधे थांबवता येत नाहीत, अशा रुग्णाला रक्ताची चाचणी सोयीची. ०.३५ ही अनेक वर्षे पॉझिटिव्हची सीमा मानली गेली. नवी यंत्रे ०.१० पर्यंतचे आयजीईही टिपतात. यंत्र जितके बारीक मोजेल तितके ‘पॉझिटिव्ह’ अधिक निघणार, हे उघड आहे.

दोन्ही चाचण्या एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : या शरीरात या प्रथिनाविरुद्ध आयजीई तयार झाले आहे काय? त्याला ‘संवेदन’ म्हणू. त्या माणसाने ते प्रथिन खाल्ले किंवा हुंगले तर त्रास होतो का, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तरच अ‍ॅलर्जी. आयजीईमुळे होणाऱ्या अ‍ॅलर्जीत संवेदन असावेच लागते. पण संवेदन असले की अ‍ॅलर्जी असतेच असे नाही. पाऊस पडायला ढग लागतात, म्हणून प्रत्येक ढग पाऊस पाडत नाही, तसेच हे.

फरक किती मोठा?

हा फरक पुस्तकी असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मँचेस्टर येथे जन्मापासून पाहणीखाली असलेल्या मुलांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या सुमारे ९३० मुलांपैकी जवळजवळ १२ टक्के मुलांत शेंगदाण्याविरुद्ध संवेदन आढळले. खरोखर शेंगदाणा खाऊ घालून आणि माहिती नीट तपासून पाहिल्यावर त्यांच्यापैकी सुमारे २२ टक्के मुलांनाच अ‍ॅलर्जी निघाली. म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या दर पाच मुलांपैकी चार जण शेंगदाणा खाऊ शकत होते.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातील आकडे आणखी बोलके आहेत. युरोपीय देशांच्या एका मोठ्या प्रकल्पाचा भाग म्हणून तेथील प्रौढांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध आयजीई सापडले. पण एखादा पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो आणि त्याच पदार्थाविरुद्ध रक्तात आयजीईही आहे, असे लोक केवळ १.२ टक्के होते. दर बावीस पॉझिटिव्ह लोकांमागे साधारण एक. अशा समाजात तक्रार नसलेल्या माणसाची पन्नास पदार्थांसाठी चाचणी केली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

असे का व्हावे? एक कारण जीवशास्त्राच्या शिक्षकांना लगेच पटेल. नातेसंबंध असलेल्या सजीवांची प्रथिने एकमेकांसारखी असतात. घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक, झुरळे आणि कोळंबी हे सगळे संधिपाद. त्यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बरेच मिळतेजुळते आहे. त्यामुळे धुळीने शिंकणाऱ्या माणसाची कोळंबीची चाचणी, तो आयुष्यभर मजेत कोळंबी खात असला तरी, पॉझिटिव्ह येऊ शकते. गहू हे तर गवतच. गवताच्या परागकणांविरुद्ध तयार झालेले आयजीई परीक्षानळीत गव्हाच्या प्रथिनालाही चिकटते. शिवाय अनेक वनस्पतींच्या प्रथिनांवर सारख्याच शर्करासाखळ्या असतात. त्यांच्याविरुद्धचे आयजीई क्वचितच त्रास देते. पण ते रक्तात असले की गहू, शेंगदाणा, टोमॅटो आणि कितीतरी भाज्या एकदम ‘पॉझिटिव्ह’ निघतात. ज्या अहवालात एकमेकांशी संबंध नसलेल्या पंधरावीस वनस्पती थोड्याथोड्या पॉझिटिव्ह आहेत, त्यात बहुधा या साखळ्यांचाच हात असण्याची शंका घ्यावी.

फळ्यावर मांडण्याजोगे गणित

आता एक सोपे उदाहरण मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा १००० मुलांपैकी २० जणांना अंड्याची खरी अ‍ॅलर्जी आहे. चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ९० टक्के पकडते आणि अ‍ॅलर्जी नसलेल्यांपैकी ८० टक्के मुलांना बरोबर ‘निगेटिव्ह’ ठरवते. सगळ्या मुलांची सरसकट चाचणी केली तर २० पैकी १८ रुग्ण सापडतील. उरलेल्या ९८० निरोगी मुलांपैकी १९६ जणही पॉझिटिव्ह ठरतील. एकूण पॉझिटिव्ह २१४, त्यांत खरे १८. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल खरा असण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांहूनही कमी.

आता तीच चाचणी वेगळ्या १००० मुलांवर करू. ही मुले अंडे खाल्ल्यावर तासाभरात अंगावर पित्त उठले म्हणून डॉक्टरांकडे आली आहेत, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांना खरी अ‍ॅलर्जी आहे. ५०० पैकी ४५० सापडतील, निरोगी ५०० पैकी १०० चुकीने पॉझिटिव्ह ठरतील. आता पॉझिटिव्ह अहवाल खरा असण्याची शक्यता ८२ टक्के झाली. यंत्र तेच, रसायने तीच. बदलला तो फक्त चाचणीपूर्वी विचारलेला प्रश्न.

लांबलचक यादीचेही असेच. एका पदार्थाची चाचणी चुकून पॉझिटिव्ह येण्याची शक्यता फक्त ५ टक्के धरली आणि ४० पदार्थ तपासले, तर निरोगी माणसाचा किमान एक निकाल पॉझिटिव्ह येण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के होते. प्रत्यक्षात निकाल एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा थोडा बदलेल. दिशा बदलणार नाही. ‘जास्त पदार्थ तपासले म्हणजे जास्त कळले’ ही जाहिरातीची भाषा झाली. येथे जास्त तपासणे म्हणजे जास्त चुकणे.

आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा?

अहवालात आकड्यांचे ० ते ६ असे वर्ग दिलेले असतात आणि त्यांच्यापुढे ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ असे शब्द. वाचणारा समजतो की वर्ग ५ म्हणजे भयंकर प्रतिक्रिया आणि वर्ग १ म्हणजे किरकोळ. हे शब्द फसवे आहेत. ते रक्तातील आयजीईच्या प्रमाणाचे वर्णन करतात, प्रतिक्रियेच्या तीव्रतेचे नाही. आकडा वाढतो तशी खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता वाढते, एवढेच. कमी आकड्याच्या माणसाला जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते आणि मोठ्या आकड्याचा माणूस तो पदार्थ रोज खात असू शकतो.

ही शक्यता किती, हे मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतील ह्यू सॅम्पसन यांनी २००१ साली दाखवले, की त्यांच्याकडे आलेल्या मुलांत अंड्यासाठी ७, दुधासाठी १५ आणि शेंगदाण्यासाठी १४ किलोयुनिटच्या वर आकडा गेला, तर अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता ९५ टक्के होती. त्याच वर्षी स्पेनमधील एका वर्षाखालील बाळांच्या अभ्यासात दुधासाठी २.५ इतक्या कमी आकड्यालाच ९० टक्के शक्यता निघाली. म्हणजे वय, गाव आणि रुग्णांची निवड बदलली की सीमाही बदलते. शिवाय हे सारे आकडे तक्रार घेऊन आलेल्या मुलांचे आहेत. त्यांपैकी एकही सीमा तक्रार नसलेल्या मुलाच्या अहवालाला लावता येत नाही.

निगेटिव्ह अहवालाचाही अर्थ मर्यादितच. दूध प्यायल्यावर पोट फुगते, जुलाब होतात, यामागे पुष्कळदा दुधातील लॅक्टोज ही साखर न पचणे हे कारण असते. ती अ‍ॅलर्जी नव्हे, आणि आयजीईच्या चाचणीत ती दिसणारही नाही. गाजरगवताचे उदाहरण तर पुण्याचेच आहे. हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले आणि पुढे त्याच्या स्पर्शाने चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर चिघळणारे इसब झालेले अनेक रुग्ण आढळले. ही अ‍ॅलर्जी आयजीईची नसून लिम्फोसाइट पेशींची आहे. तिचे निदान ‘पॅच टेस्ट’ने होते. पाठीवर पट्टी लावून दोन दिवसांनी आणि पुन्हा चार दिवसांच्या आसपास त्वचा पाहावी लागते. गाजरगवताने हैराण झालेल्या शेतकऱ्याला आयजीईचा महागडा अहवाल ‘निगेटिव्ह’ देऊन घरी पाठवणे, हे तापमापकाने वजन करण्यासारखे आहे.

चुकीच्या वाचनाची किंमत

‘काळजी घेतलेली बरी, थोडे पथ्य पाळले तर काय बिघडते?’ असे कोणी म्हणेल. बिघडते. डेन्व्हरच्या एका रुग्णालयातील १२५ मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. यांतल्या बऱ्याच मुलांना इसब होते, आणि अनेक पदार्थ मुख्यतः चाचण्यांच्या आधारावर बंद केलेले होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३६४ वेळा ते पदार्थ खाऊ घालून पाहिले, तेव्हा ३२५ वेळा, म्हणजे ८९ टक्के वेळा, काहीही झाले नाही. त्या मुलांनी दूध, अंडी, गहू विनाकारण सोडले होते. आपल्याकडील शाकाहारी घरातील मुलाचे दूध, गहू, डाळ आणि शेंगदाणा एका अहवालावर बंद केले, तर प्रथिनांसाठी त्याच्या ताटात उरते काय? वाढीच्या वयात याची किंमत उंची आणि वजनाच्या तक्त्यावर दिसते.

दुसरा धोका त्याहून अनपेक्षित आहे. पदार्थ बंद केल्यामुळेच अ‍ॅलर्जी निर्माण होऊ शकते. इसब असलेल्या मुलांच्या २०१६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, आधी तात्काळ प्रतिक्रिया कधीच न आलेल्या मुलांपैकी १९ टक्के जणांना पदार्थ बंद केल्यानंतर अशी प्रतिक्रिया नव्याने सुरू झाली. लंडनमध्ये गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांवर केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिले नाहीत. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. खाणाऱ्यांत फक्त ३ टक्के. सुरुवातीला त्वचेवरील चाचणी थोडी पॉझिटिव्ह असलेल्या बाळांनाही खाण्याचाच फायदा झाला. तोंडावाटे येणारे अन्न शरीर ओळखीचे मानू लागते. ती ओळख आपणच तोडायची आणि मग शत्रुत्वाची तक्रार करायची, असा हा प्रकार आहे.

याहून पुढची पायरी म्हणजे ‘आयजीजी’ची चाचणी. शंभर-दोनशे पदार्थांची ‘असह्यता’ शोधून देतो, असे सांगून ती विकली जाते. आयजीजी हे वेगळे प्रतिपिंड आहे. एखाद्या पदार्थाविरुद्ध ते सापडणे म्हणजे तो पदार्थ आपण खातो, याची शरीराने ठेवलेली नोंद. अ‍ॅलर्जीवरील उपचारांनी रुग्णाला आराम पडू लागतो तेव्हा आयजीजी-४ हे प्रमाण उलट वाढते. युरोपीय अ‍ॅलर्जी अकादमीने २००८ साली अन्नाच्या निदानासाठी ही चाचणी करू नये असे स्पष्ट सांगितले; अमेरिकेतील आणि कॅनडातील तज्ज्ञांच्या संघटनांनीही पुढे तेच मत दिले. तरीही रोज पोळी खाणाऱ्याला गव्हाची आणि रोज भात खाणाऱ्याला तांदळाची ‘असह्यता’ छापून मिळतेच.

प्रयोगशाळेचा खरा उपयोग

मग चाचण्या टाकून द्यायच्या काय? मुळीच नाही. दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकांत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी ठाण मांडते आणि तिच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुस हळूहळू निकामी होऊ लागते. क्ष-किरण चित्रातील डाग पाहून अशा रुग्णाला क्षयाची औषधे चालू केल्याची उदाहरणे आपल्या देशात पुष्कळ आहेत. येथे निदान रक्ताच्या चाचणीशिवाय होत नाही. त्या बुरशीविरुद्धचे आयजीई आणि रक्तातील एकूण आयजीई, दोन्ही पाहतात. एकूण आयजीईची सीमा २०१३ सालच्या निकषांत १००० युनिट होती, ती २०२४ साली ५०० वर आणली गेली. उपचार लागू पडले की आकडा उतरतो. तक्रारी वाढून आकडाही ५० टक्क्यांनी चढला तर रोग उलटला असे समजतात. तो ‘नॉर्मल’ व्हायलाच हवा असा हट्ट मात्र तज्ज्ञ धरत नाहीत.

तोच ‘एकूण आयजीई’ दुसऱ्या मुलाच्या अहवालात १५०० दिसला तर? कदाचित त्याच्या पोटात जंत असतील. जंतांमुळेही आयजीई वाढते. आकडा तोच, पण एका ठिकाणी तो निदानाचा आधार आणि दुसऱ्या ठिकाणी दिशाभूल. दोहोंतला फरक रुग्णाच्या हकिकतीने ठरतो.

दुधाची किंवा अंड्याची खरी अ‍ॅलर्जी असलेली बरीच मुले मोठेपणी त्यातून सुटतात. आयजीईचा आकडा काही वर्षे उतरत गेला, तर पुन्हा खाऊन पाहण्याची वेळ आली का, हे ठरवायला तो मदत करतो. शेवटचा निर्णय मात्र रुग्णालयात, अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून, थोड्याथोड्या प्रमाणात पदार्थ खाऊ घालूनच होतो. हा प्रयोग घरी किंवा शाळेत कधीही करायचा नसतो.

आमची मागणी आणि शिक्षकांचे काम

प्रयोगशाळांकडून आमची अपेक्षा फार नाही. कोणत्या तक्रारीसाठी चाचणी मागवली ते अहवालावर लिहिलेले असावे. तक्रारीशी संबंध नसलेल्या पदार्थांची घाऊक यादी तपासू नये. ‘पॉझिटिव्ह म्हणजे संवेदन, अ‍ॅलर्जीचे निदान नव्हे’ हे वाक्य आकड्यांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. आणि ‘हे पदार्थ टाळा’ असा तयार तक्ता अहवालाबरोबर देऊ नये. तो अधिकार रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे.

शिक्षकांनी स्वतः कोणाचे पथ्य मोडू नये. खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत ते प्राणावर बेतू शकते. पण मुलाला शाळेत त्रास झाला, तर शिक्षकाच्या नोंदीसारखा पुरावा डॉक्टरांना दुसरा मिळत नाही. पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात : काय खाल्ले किंवा कशाशी संबंध आला, किती, त्यानंतर किती मिनिटांनी त्रास सुरू झाला, नेमके काय दिसले, आणि याआधी तोच पदार्थ खाऊन असेच झाले होते का. श्वास घ्यायला त्रास, आवाज बसणे, ओठ-जीभ सुजणे किंवा मूल गळून जाणे, यांपैकी काही दिसले तर नोंद नंतर. आधी रुग्णालय गाठावे. एरवी ही पाच उत्तरे पालकांच्या हाती देऊन त्यांना सांगावे, की अहवाल काढण्याआधी ही चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. कोणती चाचणी करायची, आणि करायची की नाही, हे डॉक्टर त्या चिठ्ठीवरून ठरवू शकतील.